गोदावरी काय म्हणाली

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मुलीला नाही, मेव्हण्याला नाही — देवापुढं बसूनसुद्धा नाही. तिथं हात जोडायचो, डोळे मिटायचो आणि भलतंच काहीतरी पुटपुटायचो. देवाला काय कळत नव्हतं? पण तोंडानं बोललो नाही, हे खरं. आज बोलतो. मधेच अडलो तर अडू द्या. सरळ सांगता येईल असं वाटत नाही — मी आधी आडून आडूनच येणार, ती माझी जुनी खोड आहे.

परवाचं निमित्त झालं. नात्यातल्या एका तरण्या माणसाचं लग्न ठरलं, घरात सगळे जमले. त्या घरच्या थोरल्या बाईंनी नवरदेवाला माझ्यापुढं उभं केलं. म्हणाल्या, "यांच्या पाया पड. बायकोचं कसं करावं ते यांच्याकडून शीक. बायको अंथरुणाला खिळली, पण या माणसाच्या कपाळाला कधी आठी दिसली नाही." तो वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला — ठेवला की! मागं घ्यायला काय झालं होतं? वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. लोक चांगलं म्हणतात, मी मान खाली घालतो, आणि त्यालाही ते विनय समजतात. वैताग आलाय मला या चांगुलपणाचा.

कपाळाला आठी नाही म्हणे! आठीशिवाय दुसरं होतं काय माझ्या कपाळाला?

तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. शहर औरंगाबाद, कचेरीची भाषा उर्दू, आणि मी करोडगिरीच्या नाक्यावर मुन्शी. करोडगिरी म्हणजे जकातच समजा. माल घेऊन गाड्या यायच्या, मी उतरवून बघायचो. कडब्याच्या पेंढ्यांखाली कापडाचे तागे, तुपाच्या डब्याला खोटा तळ, खोगिराच्या आत रेशीम. एकदा एक बाई पोट धरून, कण्हत कण्हत गाडीतून उतरली — दिवस भरलेत म्हणे. नाक्यावरच्या दाईनं बघितलं तर पोटाला लुगड्यांची घडी बांधलेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की माणूस तोंडानं खोटं बोलतो तसा अंगानंही बोलतो. नाक्यावरचे वरचे अंमलदार, दरोगासाहेब, सगळ्यांसमोर म्हणायचे, मुन्शीजींच्या नजरेतून सुई सुटायची नाही. मला ते गोड लागायचं. घरी येतानाही मी ती नजर सोबत घेऊन यायचो — ती काय नाक्यावर खुंटीला अडकवून येता येते?

गोदावरी माझी बायको. पैठणची. हातापायानं चपळ, बोलायला मोकळी. भाकरी थापायला बसली की परातीतला आवाज ओसरीवर यायचा, आणि शेजारच्या हमीदाबी म्हणायच्या, गोदाबाईनं थापायला घेतलं की आम्हाला घड्याळ लागत नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं असं सुरळीत चाललं. एक मुलगी झाली, शांता.

मग भाकऱ्या लहान व्हायला लागल्या.

हसू नका. आजार आला तो असा आला. आधी ताटभर असायची ती तळहाताएवढी झाली. जाड, कडेला चिरलेली. मी म्हणालो, "पिठाची बचत चाललीय का?" ती पुढचा गोळा थापायला लागली. मग उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली — अंगठा नि पहिलं बोट, जपाची माळ ओढल्यासारखं, पण हातात माळ नाही. मग चालणं. पाय उचलेनात, फरपटायला लागले. मग आवाज. इतकी मोकळी बाई, पण शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच विरून जायचा. आणि मग चेहरा.

चेहऱ्याचं कसं सांगू? हसणं नाही, रुसणं नाही, काही नाही. डोळे उघडे, पापणी लवकर लवायची नाही. मी नाक्यावरून यायचो, ती समोर उभी — आणि माझ्याकडं अशी बघायची, जणू मी भिंत आहे. मला वाटलं, ही माझ्यावर रागावलीय. काय केलं मी? मनात धरून बसलीय काहीतरी. मीही धरून बसलो. दोन माणसं एका घरात रुसलेली — त्यातलं एक रुसलेलंच नव्हतं.

हकीमसाहेबांना दाखवलं होतं. दाखवलं नाही असं कुणी म्हणू नये. त्यांनी नाडी बघितली, तिला कपभर पाणी धरायला लावलं, चार पावलं चालायला लावलं. म्हणाले, "राशा आहे. आपल्याकडं कंपवात म्हणतात तो. हिच्या मर्जीचं नाही हे, मुन्शीजी. कधी हलता येईल, कधी येणार नाही. रागावू नका." काढे दिले, तेल दिलं, आणि हे सांगितलं. स्पष्ट सांगितलं. म्हणून पुढं जे होणार आहे त्याला मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पण रोजचं किती निस्तरायचं? तुम्ही कधी असं माणूस सांभाळलंय? एक घास पंधरा वेळा चावायचा. चोळीची गाठ बांधायला अर्धी सकाळ. मला नाक्यावर वेळेत जायचं, आणि ही मधल्या दारात उभी. उंबरठा आला की पाय जमिनीला चिकटायचे. पुढं होईना, मागं होईना. "अगं, टाक की पाय!" पाय हलायचा नाही. मी ओरडलो की आणखीच हलायचा नाही. शेवटी मी तिला कडेला सारून तिच्या अंगावरून निघून जायचो. संध्याकाळी हमीदाबी भिंतीवरून म्हणायच्या, "भाईसाब, उसको डाँटो नक्को. पाँव उसके बस में नै." मी म्हणायचो, हो, हो. मनात म्हणायचो — तुमचं काय जातं सांगायला?

शांतानं एक युक्ती काढली होती. पोर दहा-अकरा वर्षांची असेल. आई दारात अडकली की ही पुढं उभी राहून टाळ्या वाजवायची — "एक-दोन, एक-दोन, आई!" आणि काय सांगू, ती चालायची! पाय उचलून, उंबरठा ओलांडून, थेट चुलीपर्यंत. हमीदाबीही शिकल्या, त्या आपल्या पद्धतीनं, काहीतरी गुणगुणत तिला हाताला धरून अंगणात फिरवायच्या. दोघींना केवढा आनंद व्हायचा! आणि मी ओसरीवर बसून बघायचो आणि मला काय वाटायचं? मला वाटायचं — अच्छा. पोरीनं टाळ्या वाजवल्या की चालता येतं, नवऱ्यानं हाक मारली की येत नाही.

संशयाला काय लागतं? एक दिवस शांता चुलीपाशी वाकली आणि तिच्या परकराच्या काठाला जाळ लागला. गोदावरी तेव्हा मधल्या दारात अडकलेली होती — बराच वेळ. मी अंगणातून ओरडत निघालो, पण मी पोचायच्या आत ती पोचली. उडीच मारली म्हणा. दोन्ही तळव्यांनी जाळ विझवला, पोरीला ओढलं, घागर ओतली. तिची बोटं कापत नव्हती. मी बघितलं ते. पोरीला काही झालं नाही, आईचे तळवे भाजले. आणि मग ती तिथंच उभी राहिली, आणि पुन्हा एक पाऊल टाकता येईना. हमीदाबींनी येऊन तिला बसवलं.

माझी पोर वाचली होती. कुणाही बापाचं काय झालं असतं? मी तिच्या तळव्यांना तूप लावत होतो, आणि मनात एकच — म्हणजे हिला येतं. पाहिजे तेव्हा येतं.

त्या दिवसापासून मी बायकोवर नाका बसवला.

लपून बघायचो. नाक्यावर निघालो असं सांगून गल्लीच्या वळणावरून परत यायचो आणि दाराच्या फटीतून डोळा लावायचो — मी नसताना चालते का? पाणी मागितलं तर भांडं मुद्दाम हात पोचणार नाही असं ठेवायचो. उंबऱ्यात अडकली की धरायचो नाही. कडेला बसून राहायचो, बघू किती वेळ सोंग धरते. ती माझ्याकडं बघायची. त्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही आणि मला ते अगदी पटायचं — निगरगट्ट. कधी कधी डोळ्यांतून पाणी यायचं, चेहरा तसाच. त्यालाही मी सोंगच म्हणालो. कुणापाशी नाही. मनात.

इथपर्यंत सांगितलं ते काही मोठं नव्हे. हे एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं. रोगी माणसावर वैतागलेला नवरा — कुठल्या गल्लीत नाही?

दौलताबादला तिच्या चुलत बहिणीच्या घरी लग्न होतं. जायला नको असं मी म्हणत होतो. पण तिचा भाऊ रंगनाथ पैठणहून मुद्दाम वाट वाकडी करून आला. "दाजी, अक्काला न्यायचीच. मी उचलून नेतो." साधा माणूस, बहिणीवर जीव. गाडीत त्यानं तिला खरंच लहान पोरासारखं उचलून चढवलं, उतरवलं. त्याच्या खांद्यावर ती मान टेकून बसली होती. मला तेही टोचलं.

लग्नात काय झालं? विशेष काही नाही, जे रोज व्हायचं तेच चार लोकांत झालं. पंगत उठली तरी हिचा वरणभात तसाच. वाढपी ताटकळले. मठ्ठ्याची वाटी सांडली ती शेजारणीच्या नव्या लुगड्यावर. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "काय गं गोदे, लग्नाला आलीस का सुतकाला? तोंड बघ कसं केलंय!" बायका हसल्या. हिला हसताही येईना नि रडताही. आणि पुरुषांत माझी कीव चालली होती — बिचारे दाजी, किती सोसतात. ती कीव कशी अंगाला लागते ते तुम्हाला सांगता यायचं नाही. ओल्या कपड्यासारखी.

परत निघताना रंगनाथला लग्नघरात थांबावं लागलं, पाठवणी बाकी होती. त्यानं आम्हाला बैलगाडीतून स्टेशनावर सोडायला गडी दिला. गड्यानं गोदावरीला उतरवलं, फलाटावर लिंबाखाली उभं केलं आणि गाडी वळवून गेला. आम्ही तिघंच. फलाटावर आणखी पाच-दहा माणसं असतील. लिंबाच्या बुंध्याशी एक धनगरीण गाठोडं घेऊन बसलेली होती.

आगगाडी आली. मी म्हणालो, "चल." तिनं पाय उचलला नाही. मी दंड धरून ओढलं. ती पुढं झुकली, पाय तिथंच. "चल, गाडी जाईल!" ओठ हलले. मी ऐकलं नाही. शांता टाळी वाजवायला लागली, तिच्यावर मी खेकसलो — लोक बघतायत, बंद कर तो तमाशा.

आणि मग माझ्या मनात ते आलं. तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात. नाही हो. अगदी शांतपणे आलं, नाक्यावर एखाद्या गाडीवानाला अडवताना येतं तसं. मी तिचा दंड सोडला. शांताला काखेत धरलं, डब्यात चढवलं, मागून मी चढलो. वेळ होता — हे नीट ऐका — वेळ भरपूर होता. गाडी अजून हलली नव्हती. खाली उतरून तिला उचलून घेण्याएवढा वेळ होता. डब्यात दोघे-तिघे पुरुष होते, हाक मारली असती तर उतरले असते. मी हाक मारली नाही. दाराशी उभा राहिलो आणि तिच्याकडं बघितलं. जाळ लागला तेव्हा पळालीस ना? आता पळ.

शांता म्हणाली, "अण्णा, आई!" मी म्हणालो, "येईल. बघ, पळत येईल." पोर उतरायला धावली. मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

शिटी झाली. गाडी हलली. शांतानं दुसरा हात बाहेर काढला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "एक-दोन, आई! एक-दोन! एक-दोन!"

आणि ती निघाली.

लहान लहान पावलं, भराभर, एकात एक अडकणारी, अंग पुढं झुकलेलं, हात अंगाशी धरलेले. गाडीच्या बरोबरीनं पळत होती. तुम्हाला माहीत आहे, तेव्हा माझ्या मनात काय आलं? माझी बायको धडपडत माझ्याकडं येतेय, आणि माझ्या मनात आलं — सापडली! आनंद झाला हो मला. खोट्या तळाचा डबा उघडल्यावर व्हायचा तसा. सापडली, सापडली, सोंग उघडं पडलं.

ते वाटलं, आणि ती पडली. थांबता येत नव्हतं तिला. पावलं सुटत गेली आणि अंग पुढं गेलं, हातसुद्धा पुढं आले नाहीत. दगडी फलाटावर कुशीवर आपटली. गाडी पुढं निघून गेली होती. शांता किंचाळत होती आणि तिचं मनगट अजून माझ्या मुठीत होतं.

औरंगाबाद पुढचंच स्टेशन. उतरलो. सरळ परत जायचं, नाही का? मी आधी घरी गेलो. शांताला हमीदाबींकडं सोडलं. पोर माझे पाय सोडायला तयार नाही, "मला ने, मला ने." नेलं नाही. का नेलं नाही? ती थकलीय म्हणून, असं मी हमीदाबींना सांगितलं. खरं हे, की ती बोलली असती. टांग्यात बसून दौलताबादच्या रस्त्याला लागलो आणि वाटभर काय सांगायचं ते जुळवत गेलो. गर्दी होती. हात सुटला. मी पोरीला चढवत होतो. गाडी हलली. — चार वाक्यं. पुन्हा पुन्हा म्हणून बघितली.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिला लिंबाखाली घोंगडीवर निजवलं होतं. घोंगडी त्या धनगरणीची; ती बाई उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. कुणीतरी लग्नघरी निरोप दिला होता, रंगनाथ येऊन बसलेला. बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन, तिच्या तोंडाजवळ कान नेऊन. मला बघून त्याचा चेहरा एवढा सुटला! "दाजी, आलात! बघा ना, मघापासून काहीतरी सांगतीय. मला उमगतच नाही. तुम्हाला कळतं तिचं."

मला कळायचं. तिचं बोलणं कळणारी माणसं तीनच — मी, शांता आणि थोडंफार हमीदाबी. इतक्या वर्षांच्या सवयीनं नुसत्या ओठांवरूनही कळायचं. तेवढी तर माझी सेवा होती.

मी खाली बसलो. कान जवळ नेला. ती म्हणाली, "यांनी मला मुद्दाम सोडलं. पोरीला धरून ठेवलं."

माझ्याकडं बघून म्हणत नव्हती. भावाकडं बघून म्हणत होती. माझ्या कानातून ते भावापर्यंत जाईल, असं तिला वाटलं असेल. दुसरा रस्ताच नव्हता तिच्यापाशी.

"काय म्हणतीय?" रंगनाथनं विचारलं.

मी म्हणालो, "म्हणतीय, गर्दी लई होती, हात सुटला."

धनगरीण म्हणाली, "गर्दी कुठं व्हती? गाडी चांगली हुबी व्हती की." मी तिच्या अंगावर धावून गेलो. "तुम्हाला काय ठाऊक हो? गप बसा!" माझी बंद गळ्याची बंडी, डोक्यावर टोपी, सरकारी माणूस. ती गप बसली.

गोदावरीनं ऐकलं होतं. कान चांगले होते तिचे, आजारानं कान घेतले नव्हते. तिनं पुन्हा सगळा जीव गोळा केला. ओठाच्या कडेनं लाळ आली, मानेची शीर ताठ झाली. पुन्हा तेच वाक्य. तेच, त्याच शब्दांत, शक्य तेवढं सावकाश — मला नीट ऐकू यावं म्हणून.

मी रंगनाथला सांगितलं, "दुखतंय म्हणतीय."

तिसऱ्यांदा ती बोलली नाही. माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं — असणार कसं? पण तेव्हा मला पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, तो चेहरा वाचता आला. रंगनाथ रडत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आहात म्हणून ती आहे."

हे आहे ते. फलाटावर सोडलं ते एकीकडं. तेव्हा राग होता, खाज होती, काहीही म्हणा. पण हे — तिच्या तोंडातला शब्द मी काढून घेतला आणि माझा घातला. आणि ती जिवंत, जागी, ऐकत असताना. एका बाईपाशी सगळ्या जगात एकच वाक्य उरलं होतं आणि ते पोचवायला तिला मीच मिळालो.

खुबा मोडला होता. सरकारी दवाखान्यात पायाला वजन बांधून ठेवलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. तिथल्या डॉक्टरांनी नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं, की या आजारात असं होतं. जाळ लागला, किंकाळी ऐकली, कुणी ताल धरला, तर एरवी न हलणारा माणूस क्षणभर धावतो; सोंग नसतं ते. मी मान हलवली. हकीमसाहेबांनी दुसऱ्या शब्दांत हेच सांगितलं नव्हतं का? मला कळायचं बाकी नव्हतं.

मग मी तिचं केलं. खूप केलं, ते खोटं नाही. कूस बदलायची, अंग पुसायचं, पेज भरवायची, चादरी धुवायच्या. नाक्यावरची बढती सोडली. हमीदाबी एक वेळ यायच्या, शांता शाळा सोडून घरी बसली. रंगनाथ पैठणहून येऊन माझ्या पाया पडायचा — वयानं फार लहान नव्हता, तरी. तिथूनच ही कीर्ती सुरू झाली. मी तिचं जेवढं करायचो तेवढी कीर्ती वाढायची, आणि जेवढी वाढायची तेवढा मी चिडायचो, आणि चिडलो की आणखी करायचो. भरवताना प्रत्येक घास फुंकून द्यायचो. लोक म्हणायचे, जीव केवढा.

शांताचंही सांगायला हवं. तिला वाटायचं, आपण ओरडलो म्हणून आई धावली आणि पडली. एकदा हमीदाबींच्या कुशीत ती हे सांगत होती, मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं — बाई, तुझ्यामुळं नाही. तुझं मनगट कुणी धरलं होतं? मी तिथून हललो, विहिरीवर जाऊन हातपाय धुतले. ती आज नातवंडांची आजी आहे. अजून ते तिच्या मनात आहे की गेलं, मी विचारलेलं नाही.

आणि गोदावरी? ती माझ्याशी बोलली नाही. त्या लिंबाखालच्या संध्याकाळनंतर एक शब्द नाही. शांताशी बोलायची, हमीदाबींशी बोलायची. मी खोलीत आलो की ओठ थांबायचे. लोकांना वाटायचं, आवाज पार गेला. मी होकार द्यायचो — हो, आवाज गेला बिचारीचा.

निजामाचं राज्य जायच्या आधी ती गेली. त्याच्या थोडे दिवस आधीची सकाळ आहे. मी तिला पेज भरवत होतो, शांता पायाशी बसून तळवे चोळत होती. तिनं चमच्यापासून तोंड वळवलं, माझ्याकडं बघितलं आणि बोलली. मी समोर असताना, इतक्या वर्षांनी. लांब बोलली, दोन-तीन वाक्यं असतील. मी कान जवळ नेला. ओठ बघितले. आणि मला कळलं नाही. एक अक्षर कळलं नाही. सवय मोडली होती.

"शांता, काय म्हणतीय गं?"

शांता आईकडं बघत होती. मग पुन्हा तळवे चोळायला लागली. म्हणाली, "काही नाही, अण्णा. पाणी पाहिजे म्हणतीय."

मी भांडं आणलं, तिच्या ओठांना लावलं. तिनं ओठ उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, मी तिच्याच पदरानं पुसलं.

परत विचारलं नाही.